सेन्सर राहू द्या, आधी पर्जन्यमापक घ्या
भाऊ, शेतात मोजमाप अन नोंदी सुरू करताय, तर पहिल्याच वर्षी सेन्सर, ड्रोन, सॅटेलाइटवालं ॲप असलं काही घेऊ नका. कोरडवाहू सोयाबीन-कपाशी आहे ना, मग सुरुवातीला एवढंच मोजा.

१) पाऊस. साधा प्लॅस्टिकचा पर्जन्यमापक झाडापासून, भिंतीपासून लांब मोकळ्यात लावा, रोज सकाळी साडेआठला बघा, आकडा लिहा आणि पाणी ओतून द्या (हे ओतायचंच राहतं बऱ्याच जणांचं, अन मग कालचा पाऊस आजच्यात धरला जातो). महसूल मंडळाचा सरकारी पावसाचा आकडा आपल्या शिवाराचा असेलच असं नाही. ७५ ते १०० मिमी होईपर्यंत पेरणी नाही म्हणजे नाही, शेजाऱ्यानं उरकली तरी.

२) उगवण. घरचं सोयाबीन असेल तर १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, आठवडाभरात चांगले कोंब आलेले मोजा. ७० निघाले तर एकरी ३० किलो पुरतं, थोडे कमी असतील तर बियाणं वाढवा, ६० च्या खाली असेल तर पेरूच नका.

३) खर्च. वहीत, तारखेसह, प्लॉटवार. घरच्यांची मजुरी पण धरा, लोक नेमकी तीच सोडतात अन म्हणतात कपाशी परवडली.

कपाशीत एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन दिवस एकेका सापळ्यात रोज ८ गुलाबी बोंडअळीचे पतंग दिसले तर फवारणीचं बघायचं, दुकानदार म्हणतो म्हणून नाही.

माती परीक्षण उन्हाळ्यात करू, फक्त नमुना बांधाजवळचा किंवा शेणखताच्या ढिगाखालचा घेऊ नका.