पावसाच्या दिवसांत मुलाबाळांसह कोकणचा किनारा पायी फिरता येईल का?

आपण परभणीहून विचारले आहे की, सप्टेंबरअखेर दहा आणि सात वर्षांची मुले व वयस्कर आई यांना घेऊन गुहागरच्या बाजूला समुद्रकाठाने दोन दिवस पायी फिरायचे आहे, तर पाऊस असताना ते जमेल का. जमेल, परंतु आभाळाकडे पाहून जेवढे ठरवाल तेवढेच भरतीची वेळ पाहून ठरवावे लागेल, आणि आपल्याकडच्या माणसाला नेमकी हीच सवय नसते.

मी लातूरचा. काही वर्षांपूर्वी याच दिवसांत आम्ही पाच जण पंढरपूर, कऱ्हाड, कुंभार्ली घाट, चिपळूण असे करत गुहागरला गेलो आणि सकाळी आठच्या सुमारास किनाऱ्याने दक्षिणेकडे निघालो. वाटेत एक वहाळ, म्हणजे ओढा, समुद्राला मिळत होता. त्यात जेमतेम घोट्याएवढे पाणी होते. धाकट्याने तर त्यात बसून चपला धुतल्या. अडीचच्या सुमारास भर पावसात परतलो, तेव्हा तोच वहाळ गढूळ होऊन माझ्या कमरेपर्यंत चढला होता. आपल्याकडे ओढ्याला पूर आला की काठावर थांबायचे आणि वरचा पाऊस ओसरला की उतरायचे, या हिशेबाने मी तिथेच उभा राहिलो. पाऊस उघडला, पण पाणी हलेना, कारण ते वरून येत होते त्याहून अधिक खालून, समुद्रातून, आत शिरत होते.

तिथल्या एका आजोबांनी विचारले, “आज तिथी कोणती?” आई चटकन म्हणाली, “संकष्टी.” “मग चतुर्थी. तीनला भरती. सहाशिवाय पाणी उतरायचं नाही.” आईचा उपवास सकाळपासून आम्हा सर्वांना माहीत होता, पण त्यात भरतीची वेळही दडली आहे, हे कोणाच्या गावी नव्हते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास साधारणपणे कळतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुढची भरती सुमारे साडेबारा तासांनी येते, त्यामुळे ओहोटी दोहोंच्या मध्ये धरावी. हा ढोबळ हिशेब आहे, म्हणून त्या बंदराचे भरतीचे कोष्टकही पाहावे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती असते. ते दिवस मुलांसह टाळलेले बरे.

आजोबांनी आम्हाला सड्यावरून वळसा घालून साकवाकडे, म्हणजे वहाळावरच्या छोट्या पुलाकडे, जायला सांगितले. सडा म्हणजे वरचे जांभ्याचे उघडे पठार. तिथे ना झाड ना आडोसा. आम्ही अर्धे चढलो असू, तोच विजा सुरू झाल्या. परतीच्या पावसातील विजांची भीती मराठवाड्यातील माणसाला वेगळी सांगायला नको. वीज चमकल्यापासून गडगडाट येईपर्यंत मी सेकंद मोजले आणि ते दहाच्या आत येऊ लागल्यावर, म्हणजे वीज तीनेक किलोमीटरवर आल्यावर, मुकाट्याने मागे फिरून वाडीतल्या एका घराच्या पडवीत तासभर बसून राहिलो. धाकट्याचे ओठ निळसर पडले होते. कोरडे कपडे पिशवीत होते, पण पिशवीच भिजली होती.

म्हणून कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून घ्यावा. छत्री वाऱ्यात उलटते, रेनकोट न्यावा. रबरी चपला शेवाळावर घसरतात आणि खडकाला चिकटलेल्या कालवांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, धारेने पाय कापतात, त्यामुळे पट्ट्याचे किंवा कॅनव्हासचे बूट बरे. सड्यावर फुरसे हा विषारी साप आढळतो. गवतात अनवाणी पाय नको. धपाटे मात्र जरूर न्या, दमट हवेत दुसऱ्या दिवशी बुरशी धरण्याआधी संपवा.

मला विचाराल तर ऑक्टोबरच्या मध्यानंतर जा. सप्टेंबरअखेरच जायचे असेल, तर एका गावाहून दुसऱ्या गावी एकाच दिशेने, सकाळच्या ओहोटीत चाला, परतीला एसटी धरा आणि आईंना सरळ गाडीनेच पुढच्या मुक्कामी पोहोचवा. जून-जुलैचा विचारही करू नये. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि अडचणीत पाण्याकडून कोणी येत नाही.

गुहागरजवळच्या हेदवीची बामणघळ पाहण्यासारखी आहे. खडकातील त्या अरुंद चिरेतून भरतीच्या वेळी पाणी उंच उसळते आणि मुले पुढे धावतात. लाटा सारख्या नसतात, लहान लाटांमध्येच अचानक एखादी मोठी येते. काळाभोर, ओला खडक जिथे सुरू होतो, त्याच्या बरेच अलीकडे मुलांचे हात धरून उभे राहा.