जुन्या क्लचआधी पॉलिसीचा हप्ता थांबवा

प्रश्न: माझ्याकडे 2012ची होंडा सिटी ऑटोमॅटिक आहे. गिअरबॉक्स गेलाय. गॅरेजवाला मॅन्युअल गिअरबॉक्स बसवून 85 हजारांत गाडी चालू करून देतो म्हणतो. क्लच सेट नवा 11 हजारांना आहे, कुर्ल्याच्या जुन्या बाजारात 4 हजारांना मिळतोय. जुना घेऊ का? पुढच्या महिन्यात पॉलिसीचा चौथा हप्ता (60 हजार) भरायचा असल्याने गाडीचा खर्च क्रेडिट कार्डावर 18 महिन्यांत, 16 टक्क्यांनी फेडणार आहे. पॉलिसी बँकेतून घेतली. दहा वर्षं भरायची, विसाव्या वर्षी 12 लाख, म्हणजे पैसे दुप्पट. विमा 6 लाखांचा. गाडी आहे तशी विकली तर सव्वा लाख येतात, काम केल्यावर अडीच येतील, कारण तेवढ्यालाच एक मॅन्युअल सिटी इथे विकायला आहे. वय 36, गृहकर्ज 32 लाख, घरी पत्नी आणि मुलगी. – एक वाचक, नाशिक

उत्तर: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग जुनं घेऊ नका. बेअरिंग किती चाललंय हे हातात फिरवून कळत नाही आणि ते ओरडायला लागलं की अख्खा गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. त्या मजुरीत वाचलेले सात हजार जवळजवळ संपतात. स्लेव्ह सिलिंडरही (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा) नवाच घ्या, त्यातले रबरी सील पडून पडून कडक होतात. जुनं चालतं ते पेडल असेंब्ली, फोर्क आणि फ्लायव्हील. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे असतील तर सोडून द्या. नसतील तर लेथवर पृष्ठभाग सपाट करून (फेस मारून) घ्या आणि रिंग गिअरचे दात तपासा. बोल्ट मॅन्युअलचेच लावा, ऑटोमॅटिकच्या ड्राइव्ह प्लेटचे बहुधा आखूड असतात. प्लेट घ्यायला जाताना गिअरबॉक्स सोबत न्या आणि प्लेट इनपुट शाफ्टवर सरकवून बघा, खाचा जुळल्या तरच घ्या. गिअरबॉक्स उतरलेलाच आहे तर क्रँकचं मागचं ऑइल सीलही बदला, नाहीतर नव्या प्लेटवर तेल येईल.

आता 85 हजारांत काय काय धरलंय ते गॅरेजवाल्याकडून लेखी घ्या. मॅन्युअलचे ड्राइव्ह शाफ्ट, गिअर लिव्हर आणि केबल, माउंटिंग, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि त्याला जुळणारी चावी. अशा कामात घोळ होतो तो वायरिंगमध्ये. गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असल्याचा सिग्नल मिळाला नाही की स्टार्टर फिरत नाही. शिवाय गाडीच्या कागदांवर व्हेरिएंट ऑटोमॅटिकच राहणार. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 बदलाबाबत आहे. आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारल्याशिवाय पाना लावू देऊ नका, नाहीतर अपघाताच्या क्लेमला हेच कारण पुढे येईल.

अडीच लाखांची आशा मात्र सोडा. ज्या गाडीशी तुम्ही तुलना करताय ती कंपनीतून मॅन्युअल आली आहे. तुमच्या गाडीचे कागद आणि गिअरबॉक्स जुळणार नाहीत, आणि 2027 मध्ये तिला पंधरा वर्षं होऊन फेरनोंदणी आणि पर्यावरण कर येईल. खरेदीदार हे सगळं भावातून कापतो. कार्डाचं व्याज 11 हजार, त्यावर जीएसटी 2 हजार. म्हणजे क्लचमध्ये वाचवलेल्या सातपेक्षा हप्त्यांत जास्त जातात. सव्वा लाखाची गाडी अधिक 98 हजार (85 हजारांचं काम, 13 हजार व्याज आणि कर), सव्वादोन लाख झाले. थोडी भर घातली की ती मूळ मॅन्युअलच येते. मी गाडी आहे तशी विकेन.

पण तुमच्या पत्रातली मोठी चूक वेगळी आहे. तुम्ही 16 टक्क्यांनी उधार घेताय ते पॉलिसीचा हप्ता चुकू नये म्हणून, आणि ती पॉलिसी वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास देते. ‘पैसे दुप्पट’ हे बँकेच्या काउंटरवर विकण्यापुरतं वाक्य आहे. सहा लाखांचे बारा व्हायला सरासरी साडेपंधरा वर्षं लागतात हे कोणी सांगत नाही, आणि हे असं विकणं मला अजिबात मान्य नाही. उरलेले सात हप्ते, 4 लाख 20 हजार, भरले तर मुदतीअंती, आता थांबल्यास मिळणाऱ्या 3 लाख 60 हजारांपेक्षा (हिशोब खाली), 8 लाख 40 हजार जास्त मिळतात. तेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी त्याच मुदतीत सुमारे 11 लाख होतात.

तरी रागाच्या भरात पॉलिसी सरेंडर करू नका, म्हणजे मोडून पैसे परत घेऊ नका. तीन हप्त्यांनंतर हमीची किमान सरेंडर किंमत साधारण भरलेल्याच्या 35 टक्के, म्हणजे 63 हजार. पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवून पॉलिसी कमी रकमेवर चालू ठेवली, तर मुदतीअंती ढोबळमानाने तीन-दशांश, 3 लाख 60 हजार मिळावेत. 63 हजार पीपीएफमध्ये ठेवून सतरा वर्षांत दोनच लाख होतात. कंपनीकडून पेड-अपचा आकडा लेखी मागवा. तो याच्या आसपास असेल तर चौथा हप्ता भरू नका.

त्याआधी एक काम. 32 लाखांचं कर्ज आणि 6 लाखांचा विमा, ही तुमच्या घरची खरी पोकळी आहे. साठीपर्यंतचा एक कोटीचा टर्म प्लॅन (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा) या वयात, सिगारेट ओढत नसाल तर, वर्षाला अंदाजे बारा ते पंधरा हजारांत बसतो. प्रस्तावात तब्येतीची खरी माहिती द्या. ती पॉलिसी हातात आली की मगच जुनीचा हप्ता थांबवा. वार्षिक हप्ता भरायला तारखेनंतर 30 दिवसांची जादा मुदत असते, घाई करावी लागणार नाही. साठ हजारांतले उरलेले 45 हजार बचत खात्यात अडीअडचणीसाठी ठेवा, कार्डाचा हप्ता सुरू करू नका.