ऑनलाइन मक्तेदारी : नागपूरकर वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सीताबर्डीत माझं मोबाइलचं दुकान आहे. काही मॉडेल फक्त ऑनलाइनच विकली जातात. बाकीच्यांचा तिथला भाव माझ्या खरेदीपेक्षाही कमी असतो. हे कायद्यात बसतं का?

उत्तर : नुसतं स्वस्त विकणं बेकायदेशीर नाही. पण बाजारावर वर्चस्व असलेल्याने स्पर्धकाला संपवायला खर्चाहून कमी भाव लावला, तर स्पर्धा कायदा, २००२ चं कलम ४ लागू होतं. ‘हे मॉडेल फक्त आमच्याकडे’ असे करार कलम ३ खाली तपासता येतात.

तुमचंच गाऱ्हाणं दिल्लीच्या व्यापाऱ्यांनी आधी मांडलं आहे. त्यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाची स्थगिती आली. ती उठली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि चौकशीची वाट मोकळी व्हायला ऑगस्ट २०२१ उजाडला. तपास अहवाल तयार झाला तो २०२४ मध्ये. त्यात कंपन्यांवर ठपका आहे, पण अहवाल म्हणजे निकाल नव्हे. दुकानाचं भाडं, पोरांचे पगार, बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला द्यावाच लागतो. माझा राग कायद्याच्या शब्दांवर नाही, या दिरंगाईवर आहे.

प्रश्न : आम्ही तिघं मित्र ॲप बनवतो. प्ले स्टोअरला कमिशन द्यावंच लागणार का?

उत्तर : काही मोबदला द्यावा लागेल. जागा त्यांची आहे. पण कळमन्याच्या बाजारात गाळ्याचं भाडं देणं वेगळं आणि ‘काटा माझाच, पैसेही माझ्याच गल्ल्यातून’ ही अट वेगळी. ॲपमधल्या खरेदीसाठी गूगलचीच पेमेंट व्यवस्था वापरायची, या सक्तीवरून आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ९३६.४४ कोटींचा दंड ठोठावला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने वर्चस्वाच्या गैरवापराचा ठपका अंशतः कायम ठेवला, पण दंड २१६.६९ कोटींवर आणला, कारण तो फक्त प्ले स्टोअरच्या उलाढालीवर मोजला. स्पर्धा कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीने आता दंडासाठी जगभरातली उलाढाल धरता येते. ही दुरुस्ती फार आधी व्हायला हवी होती.

प्रश्न : व्हॉट्सॲप तर फुकट आहे. मग नुकसान कसलं?

उत्तर : तुम्ही पैशांऐवजी माहिती देता. २०२१ मध्ये नवं धोरण ‘मान्य करा, नाहीतर सोडा’ अशा थाटात आलं. सोडून जाणार कुठे? मुलांच्या शाळेचा ग्रुप तिथे, सोसायटीचा तिथे, भिशीचाही तिथेच. आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला आणि जाहिरातींसाठी माहिती इतर मेटा कंपन्यांना द्यायला पाच वर्षं बंदी घातली. वर्षभराने न्यायाधिकरणाने दंड ठेवला, बंदी काढली. एवढ्या मोठ्या कंपनीला दंड जड जात नाही, बंदी गेली असती. म्हणून मला हा निकाल पटत नाही.

प्रश्न : अमेरिकेने १९११ मध्ये स्टँडर्ड ऑइल ही मक्तेदार तेल कंपनी तोडली. आपण का नाही तोडत?

उत्तर : आपल्या कायद्याच्या कलम २८ मध्ये विभाजनाची तरतूद आहे. पण खुद्द अमेरिकेतही गूगलला मक्तेदार ठरवल्यावर न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये तिचा क्रोम ब्राउझर विकायला लावला नाही. मला युरोपची वाट बरी वाटते. तिथे २०२२ पासून मोठ्या कंपन्यांनी काय करायचं नाही, हे कायद्यात आधीच लिहिलेलं आहे. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये याच धर्तीच्या डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला. तो कायदा झाला, तर पहिल्या प्रश्नातल्या दुकानदाराला चार वर्षं ताटकळावं लागणार नाही.

प्रश्न : माझं सावजी भोजनालय आहे. डिलिव्हरी ॲप मनमानी करतात. तक्रार कुठे करू?

उत्तर : ग्राहक आयोगात असा व्यापारी वाद सहसा टिकत नाही. स्पर्धा आयोगाकडे जा. एकट्या व्यक्तीला शुल्क पाच हजार रुपये आहे, तरी संघटनेमार्फत गेलेलं बरं. रेस्टॉरंट मालकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या तक्रारीवरूनच एप्रिल २०२२ मध्ये झोमॅटो आणि स्विगीची चौकशी सुरू झाली. करार, कमिशनची बिलं, सवलतीसाठी दबाव टाकणारे मेसेज, सगळं तारखेनिशी आजपासून जपून ठेवा.