मास इफेक्ट गेम अर्ध्यावर आलाय, बोलणंच फार आहे. संवाद स्किप करू की सरळ दुसरा भाग लावू?

स्किप करू नका. दुसरा भाग लावायचा तर खुशाल लावा, त्यातला गोळीबार पहिल्यापेक्षा कितीतरी सरस आहे. पण पहिला खेळायचा आणि बोलणं टाळायचं, ह्याला काही अर्थ नाही. २००७ सालचा गेम आहे. त्यातली मारामारी तेव्हाही बेताचीच होती. बंदूक तापली की थांबायचं, साथीदार मधेच गोळीच्या आड येऊन उभे. गेम बनवणाऱ्या बायोवेअरने जीव ओतलाय तो बोलण्यात.

तुम्ही प्रश्नात 'फेरोस झालं, नोवेरियावर आहे, नुसती बडबड चालू आहे' असं लिहिलंय (हे गेममधले ग्रह). हा 'बडबड' शब्द वाचूनच मी लिहायला बसलो, कारण माझा मामेभाऊ २०११ पासून हाच शब्द वापरतोय.

त्या वर्षी बारावी देऊन मे महिन्यात मी आजोळी, वालकिणीला गेलो होतो. आजोळ मुळात कुर्डीचं. साळावली धरणात सांगे तालुक्यातली जी गावं बुडाली त्यातलं हे एक. १९८० च्या दशकात तिथल्या लोकांना उठवून वाडे आणि वालकिणीला आणून वसवलं. मडगावात आमच्या नळाला येतं ते पाणी त्याच धरणाचं.

लॅपटॉप एकच, माझा. दिवसा मी खेळायचो, रात्री मामेभाऊ, दोघांचे शेपर्ड (गेममधला आपला नायक) वेगळे. दुपारी आजी ओसरीवर कोकमं फोडत बसायची, सोलं करायला. बोटं मनगटापर्यंत लाल. मी तिच्या शेजारी बसून शेपर्डच्या नॉर्मंडी जहाजाच्या इंजिन रूममध्ये ताली नावाच्या क्वारियन मुलीशी बोलत होतो. आजीला इंग्रजी येत नव्हतं, पण आवाज ऐकून तिने विचारलं, "तें कितें सांगता रे?"

मी कोकणीत सांगितलं. ह्या क्वारियन लोकांनी कामाला यंत्रं बनवली, गेथ नावाची. ती यंत्रं आपण कोण, कशासाठी, असे प्रश्न विचारायला लागली तेव्हा ह्यांनी घाबरून ती बंद करायला घेतली. यंत्रं उलटली आणि ह्यांनाच ग्रह सोडून पळावं लागलं. त्याला तीनशे वर्षं झाली. तेव्हापासून सगळी जमात पन्नास हजार जहाजांच्या ताफ्यात राहते. जहाजातल्या हवेत राहून अंगातली रोगाशी लढायची ताकद अशी गेली की सूट आणि मुखवटा काढताच येत नाही. ह्या मुलीने आपला मूळ ग्रह कधी पाहिलेलाच नाही.

आजीचा हात थांबला. "पळोवंक तरी वतात?" बघायला तरी जातात का? मी म्हटलं, नाही, तिथे आता गेथ आहेत. ती काही बोलली नाही. पाट जवळ ओढला आणि मला आवाज वाढवायला सांगितला.

त्यानंतर रोज दुपारी ती विचारायची, मुखवटेवाली आज काय म्हणाली. तुम्हाला माहीतच असेल, मोहीम संपवून जहाजावर आल्याशिवाय ताली नवीन काही बोलत नाही. मी आजीसाठी मोहिमा उरकत होतो. फेरोस मी दोन दिवसांत संपवलं ते त्यापायीच.

महिन्याच्या शेवटी धरणाचं पाणी उतरलं आणि कुर्डी वर आली. दर मे महिन्यात येते. जुने गावकरी सोमेश्वराच्या उत्सवाला जमतात, आम्हीही जीपने गेलो. तळाचा चिखल वाळून भेगाळलेला, माडांची बुंधी काळी पडलेली, आणि चिऱ्यांची जोती. घर एकही उभं नाही. मला सगळी जोती सारखीच दिसत होती. आजी कुणाला न विचारता सरळ चालत गेली आणि एका जोत्यापाशी थांबली. तीन पायऱ्या होत्या, मधली अर्धी तुटलेली. पायरीखाली तिने चपला काढल्या, मग वर चढली. मामेभाऊ मागून चपलांसकट आला तेव्हा ती त्याच्यावर अशी ओरडली की तो दोन पावलं मागे सरला. भिंत नाही, छप्पर नाही, पण ती घरात उभी होती. चूल इथे, माजघर इथे, असं दाखवत ती किती वेळ फिरली. परत येताना जीपमध्ये मामेभाऊ म्हणाला, दगड तर आहेत नुसते.

त्याच रात्री तो गेममधल्या व्हर्मायर ग्रहावर पोचला. तोवरचा प्रत्येक संवाद स्पेसबार दाबून उडवलेला. तिथे किनाऱ्यावर रेक्स, शेपर्डचाच क्रोगन जमातीचा साथीदार, त्याच्यासमोर बंदूक घेऊन उभा राहतो. हा भराभर बटणं दाबत गेला आणि साथीदारांतल्या अ‍ॅश्लीने रेक्सला गोळी घातली. मामेभाऊ लॅपटॉपकडे बघतच राहिला. "हिला कोणी सांगितलं मारायला? गेम बोगस आहे, चॉइसच देत नाही."

हे वाक्य तो आजही चवथीला सगळे जमले की ऐकवतो. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. गेम चॉइस देतो. रेक्स अर्धा गेम तुमच्याच जहाजात, खालच्या मजल्यावर माको गाडीशेजारी लॉकरपाशी उभा असतो. त्याला विचारलंत तर तो जेनोफेजबद्दल सांगतो. रॅक्नाय किड्यांविरुद्ध ज्या क्रोगनांना लढायला वापरलं, तेच पुढे डोईजड झाले म्हणून सलारियन जमातीने हा रोग तयार केला आणि टूरियन जमातीने तो सोडला. हजारात एखादंच मूल जगतं. तो बापाबद्दल सांगतो, घराण्याचं चिलखत दुसऱ्याच्या हाती गेलंय ते सांगतो. ते चिलखत आणून दिलंत तर व्हर्मायरला त्याला शांत करायची वेगळी ओळ मिळते. जेनोफेजवर उपाय सापडलाय आणि आपण तोच बॉम्बने उडवायला निघालोय, म्हटल्यावर तो बंदूक का उपसतो हे न विचारताच कळतं. मामेभाऊ त्या मजल्यावर जायचा तो फक्त बंदुका घ्यायला.

त्याचं म्हणणं, निर्णय शेवटी एका बटणाचाच, मग एवढं ऐकायचं कशाला. माझं म्हणणं, न ऐकता दाबलेल्या बटणाला निर्णय म्हणतच नाहीत. आमच्याच घरात हे कळायला हवं होतं.

आता तुमचं नोवेरिया. पुढे पीक १५ ह्या प्रयोगशाळेत रॅक्नायची राणी काचेच्या टाकीत भेटेल, मरणाला टेकलेल्या असारी जमातीच्या एका बाईच्या तोंडून बोलेल. सोडायचं की अ‍ॅसिडने मारायचं, तुम्ही ठरवा. मी सोडलं. पण तिचं शेवटपर्यंत ऐका.

स्किप करण्यासारखं मात्र भरपूर आहे. माको घेऊन ओसाड ग्रहांवर डोंगर चढणं निव्वळ वेळ घालवणं आहे, चिलखताची मोहीम तेवढी करा. १५० वस्तूंची मर्यादा भरत आली की फालतू बंदुका मोडून त्यांचं ऑम्नी-जेल (दुरुस्तीचा माल) करून टाका. मी जुनी आवृत्ती खेळलोय. तुमच्याकडे २०२१ ची सुधारित लेजेंडरी एडिशन असेल तर माको सुधारलाय आणि सिटाडेल ह्या अंतराळस्थानकाच्या लिफ्टही लवकर संपवता येतात. त्या संपवू नका. लिफ्टमध्ये साथीदार आपापसात बोलतात, रेक्स आणि तालीला एकदा बरोबर नेऊन बघा.

रेक्सचं आधी सांगून टाकलं, त्याबद्दल माफ करा. व्हर्मायरला आणखी एक प्रसंग आहे, तो सांगत नाही. आणि हे पुढचं तिसऱ्या भागातलं आहे, नको असेल तर इथेच थांबा.

२०१२ साली तिसरा भाग आला. माझ्या खेळात ताली आपल्या मूळ ग्रहावर उतरली आणि तिने मुखवटा काढला. तुमच्या निर्णयांवर आहे, प्रत्येकाच्या खेळात तसं होत नाही. मी मडगावहून आजीला फोन केला. मुखवटेवाली पोचली म्हटल्यावर तिला लगेच कळलं. "घर मेळ्ळें रे ताका?" मी म्हटलं, अजून नाही, जागा मिळाली.

नोवेरिया संपवून जहाजावर आलात की आधी इंजिन रूममध्ये जा, मग खाली रेक्सकडे.