पावसाळाभर उभी असलेली कॅम्पर व्हॅन सफरीसाठी तयार करताना सुरुवात कुठून करावी?

तुमची व्हॅन फोर्स ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेली आहे, 100 लिटरची पाण्याची टाकी आणि गॅसची शेगडी आहे, आणि मार्चअखेरपासून ती एरंडोलजवळ मळ्यात ताडपत्रीखाली उभी आहे. दिवाळीनंतर तोरणमाळ, पुढे दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा, असा बेत आहे, आणि साफसफाई कुठून सुरू करावी असं तुम्ही विचारलंय.

धुण्यापासून करू नका. आधी ओल शोधा, आणि तीही पाऊस थांबल्याबरोबर, दिवाळीची वाट न बघता. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 44-45 वर जातो. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो, रात्री निवतो, आणि या ताण-आकसात सांध्यांवरचं सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा चिकट लेप, तडकतं. फट मे महिन्यात पडते, पाणी जुलैत शिरतं. मग ऑक्टोबरच्या उन्हाने वरची प्लाय कोरडी दिसायला लागते आणि आतली लाकडी चौकट मात्र कुजत राहते. महिनाभर उशीर केला की खुणाच मिटतात.

ताडपत्री काढा, दारं-खिडक्या बंदच ठेवून आत जा आणि पहिला श्वास घ्या. कुबट वास आला तर ओल आहे, हे नक्की. रूफ हॅचच्या (छतातल्या झडपेच्या) चारही कोपऱ्यांत, खिडक्यांच्या खालच्या कडेला, कपाटांच्या आत वरच्या बाजूला आणि मागच्या दाराजवळच्या जमिनीवर अंगठ्याने दाबून बघा. प्लाय दबली, सनमायका फुगलेला दिसला किंवा बोटाने ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर तिथे खूण करा. ओलावा मोजायचं मीटर मिळालं तर उत्तम: 15 टक्क्यांच्या आत ठीक, 20 च्या पुढे गेलं तर तो भाग उघडावा लागेल. पाणी कुठून येतंय हे कळत नसेल तर एकाने आत बसावं, दुसऱ्याने बाहेरून साध्या नळीने पाणी सोडावं, खालून सुरुवात करून हळूहळू वर, एकेका सांध्यावर पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडून येतो आणि काहीच कळत नाही. प्रेशर वॉशर तर नकोच, तो चांगल्या सांध्यातही पाणी घुसवतो.

आतून सीलंट फासून फट बुजवायचा मोह होतो. तसं केलं तर शिरलेलं पाणी आतच कोंडतं. पॅनेल उघडा, पंखा लावून आठ-पंधरा दिवस वाळू द्या, आणि बुजवा ते बाहेरून. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. ते पत्रा गंजवतं आणि त्याच्या उरलेल्या थरावर पुढे दुसरं काही चिकटत नाही. जुनं सिलिकॉन असेल तर प्लास्टिकच्या पट्टीने पूर्ण खरवडून काढा. पत्र्याच्या सांध्यांना पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, आणि प्लास्टिकच्या हॅच-खिडक्यांच्या फ्रेमखाली ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी. हे काम सकाळी लवकर करा. तापलेल्या पत्र्यावर सीलंटला वरून लगेच साय धरते आणि खाली पकड येत नाही.

एवढं झाल्यावर धुवा. काळ्या मातीची धूळ कोरड्या फडक्याने पुसली की पॉलिशवर ओरखडे पडतात, म्हणून आधी भरपूर पाण्याने ती वाहून जाऊ द्या. खिडक्या ॲक्रिलिकच्या असतील तर काच पुसायचा स्प्रे, स्पिरिट, पेट्रोल यांतलं काही लावू नका, बारीक जाळीसारख्या भेगा पडतात आणि त्या भरून निघत नाहीत. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण पुरे. रबरी पट्ट्यांना तेल-ग्रीसऐवजी सिलिकॉन स्प्रे. गाद्या उन्हात उभ्या करा. आतल्या बुरशीला पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं.

पाण्याच्या टाकीत मात्र घाई नको. यात पंप आणि गाडी दोन्ही चालवावी लागतात, म्हणून वायरिंग, बॅटरी, टायर, ब्रेक आणि डिझेल फिल्टरची खाली सांगितलेली तपासणी आधी उरका. आपल्या बोअरचं पाणी जड, त्यामुळे टाकीत, पंपाच्या जाळीत आणि नळाच्या तोंडाशी पांढरा क्षार बसतो. क्षाराचा थर असला की त्याच्या आड शेवाळ आणि जंतू तग धरतात, म्हणून आधी क्षार, मग जंतू. फिल्टरची कार्ट्रिज काढून ठेवा. 20 लिटर पाण्यात 400 ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून टाकीत ओता, प्रत्येक नळातून थोडं येऊ द्या, गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून आणा म्हणजे ते टाकीभर हिंदकळेल, आणि दोन तासांनी सोडून द्या. मग टाकी साध्या पाण्याने दोनदा भरून रिकामी करा. हे टाळू नका. ॲसिड उरलेलं असताना क्लोरीन टाकलं तर विषारी वायू निघतो.

त्यानंतर टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतं, म्हणजे 100 लिटरला 15 ग्रॅम पुरते. ती बादलीत कालवून अर्धा तास ठेवा आणि फक्त वरची निवळी टाकीत घाला. खालचा चुना गेला तर पंपाची जाळी तुंबते. प्रत्येक नळ, गार-गरम दोन्ही, क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी वास जाईपर्यंत धुवा. उघडी पडलेली जुनी पावडर निकामी असते, ती घेऊ नका.

बॅटरी जोडण्याआधी वायरिंग बघा. मळ्यात उभ्या गाडीत उंदीर हमखास शिरतात आणि कुरतडलेल्या वायरीवर करंट सोडला तर आग लागू शकते. मग लेड-ॲसिड बॅटरीचं मोजमाप घ्या: चार्जिंग काढून काही तासांनी 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. 12 च्या खाली महिनोन्महिने पडून राहिली असेल तर प्लेटांवर सल्फेट बसलेलं असतं. चार्ज केल्यावर व्होल्टेज दिसेल, पण फ्रिज लावला की तासाभरात बसेल, म्हणून लोड टेस्ट (भार टाकून चाचणी) करूनच घ्या. उन्हाळ्यात पाणी उडतं, प्लेटा बुडतील एवढं डिस्टिल्ड वॉटर घाला.

गॅसच्या कप्प्याच्या तळाशी भोकं असतात ती मुद्दाम तपासा. कुंभारीण माशी नेमकी तिथेच मातीचं घर बांधते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळला तर तळाशी साचतो, आणि ही भोकं बुजली की त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. फ्रिजच्या जाळ्या आणि शेगडीचे बर्नरही बघा, ज्योत पिवळी येत असेल तर जेटमध्ये (गॅस सोडणाऱ्या बारीक भोकात) कोळ्याचं जाळं असू शकतं. रबरी नळी पाच वर्षांची झाली की बदला, आणि सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासा. सिलिंडरच्या गळ्यावरचं अक्षर तिमाही सांगतं: डी-26 म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर 2026, तोवर त्याची चाचणी व्हायला हवी.

टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 चा 23वा आठवडा. सहा वर्षं झाली असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, बदला. एका जागी उभं राहून आणि उन्हाने बाजू तडकतात, आणि भरलेली व्हॅन सगळा भार त्याच बाजूंवर टाकते. तोरणमाळ सुमारे 1,150 मीटर उंचीवर आहे, उतरताना ब्रेक सतत तापतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ते दोन वर्षांहून जुनं असेल तर घाटात उकळून पेडल पोकळ लागू शकतं. तेवढं बदलून घ्या, आणि पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी डिझेल फिल्टरखालचं साचलेलं पाणी काढा.

निघण्याआधी एक रात्र अंगणातच मुक्काम करा, फ्रिज, पंप, दिवे सगळं चालू ठेवून. चाकं काढून बसवली असतील तर पहिल्या 50-80 किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा; जळगावकडून निघालात तर धुळ्याच्या आत हे उरकायचं. गॅसचा व्हॉल्व्ह गाडी चालू असताना बंदच हवा.