सोलापूरच्या मुरमाड जागेत आठवड्याला ३०० लिटर पाण्यावर बाग होईल का?

सोलापूरजवळ २० बाय ३० फूट जागा, खाली मुरूम, उन्हाळ्यात बागेला आठवड्याला जेमतेम ३०० लिटर पाणी, असं तुम्ही लिहिलंय. बाग होईल. लॉन होणार नाही, तो विषय इथेच सोडा.

काटक झाड पहिल्या दिवसापासून काटक नसतं. नर्सरीच्या पिशवीतली बोगनवेलसुद्धा पहिला उन्हाळा तुमच्या पाण्यावरच काढते. रोज तांब्याभर पाणी घातलं तर वरची दोन इंच माती ओली राहते, मुळं तिथेच घुटमळतात आणि एप्रिलात चार दिवस पाणी चुकलं की झाड मान टाकतं. म्हणून झुडपाला एकदम ८-१० लिटर, सावकाश. पहिल्या उन्हाळ्यात दर ५-६ दिवसांनी, दुसऱ्या वर्षी १०-१२ दिवसांनी. या हिशेबात २५ झुडपं बसतात, त्याहून जास्त आणू नका.

खड्डे मे महिन्यातच खणून तापू द्या. झुडपाला दीड फूट लांब, रुंद, खोल. सीताफळाला दोन-अडीच फूट. खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. दुसऱ्या दिवशीही ते तसंच असेल तर तळाचा पक्का मुरूम पहारीने फोडायलाच हवा, नाहीतर सप्टेंबरच्या पावसात मुळं कुजतील. काटक झाडांतली कितीतरी तहानेने नाही, साचलेल्या पाण्याने मरतात. भरताना अर्धा चाळलेला मुरूम, अर्धा पोयटा (गाळाची माती), घमेलंभर शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या. कच्च्यावर वाळवी येते.

पहिल्या दमदार पावसानंतर, माती फूटभर ओली झाली की लावा. पिशवी फाडल्यावर लाल मातीचा गोळा विटेसारखा घट्ट लागला तर तसाच पुरू नका. भोवतीचा मुरूम भिजतो, गोळा आत कोरडाच राहतो आणि ‘पाणी घालूनही वाळलं’ अशी तक्रार येते. गोळा बादलीत बुडवा, बुडबुडे थांबले की काढा, कडा बोटांनी सैल करा, गोल फिरलेली मुळं छाटा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात उघडीप पडते, तेव्हा पावसाळा आहे म्हणून पाणी बंद ठेवू नका.

सीताफळाजवळ मडकं पुरा. साधं, बिनरंगाचं, ७-८ लिटरचं. आधी भरून सावलीत ठेवा. काही तासांत बाहेरून घाम आला तरच ते कामाचं. खोडापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरून वर झाकण, नाहीतर डास होतात. बोअरच्या क्षारांनी छिद्रं बुजतात, म्हणून वर्षातून एकदा काढून काथ्याने घासा.

बुंध्याभोवती ३-४ इंच पाचट (उसाची वाळलेली पानं) किंवा पालापाचोळा पसरा, खोडाला मात्र चार बोटं जागा मोकळी सोडा. शोभेची पांढरी खडी उन्हात तापते, ती टाळा.

आता झाडं. कुंपणाला बोगनवेल, कण्हेर, अडुळसा. बोगनवेल नीट रुजल्यावर तिला पाणी जास्त झालं तर नुसता पाला माजतो, फुलं येत नाहीत. कण्हेर सगळीच विषारी आहे. घरात लहान मूल किंवा दारात शेळी असेल तर तिच्याऐवजी दुसरं काही लावा. पांढरा चाफा फांदीवर येतो: दीड फुटाची फांदी उन्हाळ्यात कापा, चीक सुकेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवा, मगच लावा. लगेच लावली की बुडाशी कुजते. खाली सदाफुली आणि कोरफड. सदाफुली एकदा लावली की पुढे आपली आपण उगवते. सांगोल्याकडच्या बागा बघून डाळिंब लावावंसं वाटेल. झाड तगेल, पण पाण्याचा ताण पडून मग एकदम भरपूर पाणी मिळालं की फळं तडकतात. त्यापेक्षा सीताफळ बरं.

मोगरा आणि कढीपत्ता हवाच असेल तर मोरीच्या पाण्याजवळ, तेही भांडी विसळल्याचं पाणी वापरून. कपड्यांच्या साबणाचं पाणी तिथे सोडू नका, ते कर्दळीकडे वळवा.