वाचकांचे प्रश्न : आयटी फंड घ्यावा की स्मॉलकॅप?

प्रश्न : देवगडला हापूसची बाग आहे. हंगामाचे दोन लाख आलेत. निफ्टी आयटी इंडेक्स फंड घेऊ की निफ्टी स्मॉलकॅप २५०चा? – एक बागायतदार

उत्तर : आधी पुढच्या मोहोरापर्यंतचा फवारणी-मजुरीचा खर्च बाजूला काढा. तो या दोन्हींत नको.

इंडेक्स फंड म्हणजे निर्देशांकातले शेअर्स त्याच प्रमाणात घेणारा फंड. निफ्टी आयटी निर्देशांकात कंपन्या फक्त १०, आणि फेररचनेच्या वेळी (हिस्से पुन्हा ठरवताना) एकटीचं वजन ३३ टक्क्यांपर्यंत असू शकतं. कमाई मुख्यतः अमेरिकी ग्राहकांकडून. तिथे हात आखडला की सगळ्या एकदम घसरतात. २०२२मध्ये हा निर्देशांक सुमारे २६ टक्के पडला. म्हणजे सगळी कलमं एकाच उतारावर!

स्मॉलकॅप २५०मध्ये निफ्टी ५०० (बाजारातल्या ५०० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) मधल्या बाजारमूल्यानुसार २५१ ते ५०० क्रमांकाच्या, म्हणजे त्यातल्या छोट्या कंपन्या. एखादी बुडाली तरी फरक किरकोळ, पण मंदीत सगळंच कोसळतं : जानेवारी २०१८ ते मार्च २०२०मध्ये निम्म्याहून जास्त. शिवाय छोट्या शेअर्सची खरेदी-विक्री महाग, त्यामुळे फंड निर्देशांकाच्या मागे रेंगाळतो. घेण्याआधी ‘ट्रॅकिंग डिफरन्स’ (फंड आणि निर्देशांक यांच्या परताव्यातला फरक) बघाच.

आमचा कौल स्मॉलकॅपला, तोही सात वर्षं हात न लावण्याच्या बोलीवर. डायरेक्ट प्लॅन (एजंटाशिवाय थेट घेतलेला) घ्या, रक्कम लिक्विड फंडात (अल्पमुदतीच्या रोख्यांत गुंतवणाऱ्या) ठेवून एसटीपीने, म्हणजे ठरावीक हप्त्यांनी आपोआप, १२ महिन्यांत स्मॉलकॅपमध्ये वळवा. वर्षाच्या आत विकलंत तर नफ्यावर २० टक्के कर. नंतर सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा.